पुलावरच्या पेंटरचं हँडल

रिमोट म्हणू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. रिमोट वेगळा. तो चॅनल बदलतो आणि उरलेला दिवस सोफ्याच्या फटीत लोळत पडतो. मी गेमचा कंट्रोलर बोलतोय. दोन मुठी, अंगठ्यांखाली फिरणाऱ्या दोन दांड्या, डझनभर बटणं आणि पोटात दोन छोट्या मोटरी. खेळात घाव बसला, दरड कोसळली, घोडा उधळला की त्या मोटरी फिरतात आणि मी थरथरतो. पण मनात आलं म्हणून मला थरथरता येत नाही. खेळानं सांगावं लागतं. ही माझी जन्माची अडचण आहे.

जन्म माझा कारखान्यातला. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायची. तिचं काम एकच. आलेला कंट्रोलर हातात घ्यायचा, सगळी बटणं एकदा दाबायची, थरथर येते का बघायची आणि खोक्यात घालायचा. मला तिनं फार तर चार सेकंद धरलं असेल. जांभई देत धरलं, पण दोन्ही हातांनी धरलं. माणसाचा हात म्हणजे काय, ते मला तिथं पहिल्यांदा कळलं.

तिथून दुकान, आणि दुकानातून एका मुलीच्या पाठपिशवीत. ती बावीस वर्षांची होती आणि कृत्रिम दात बनवायचं शिक्षण घेत होती. तिच्या नखांत कायम प्लास्टरची पांढरी पूड असायची. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अख्खा भाग त्यांना पेंटर म्हणूनच ओळखायचा. मुलगी शाळेत असतानाच आई गेलेली, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही दोघंच. पुढची खोली म्हणजे बैठक आणि बाबांचा कारखाना, दोन्ही. भिंतीला टेकून अर्ध्या रंगवलेल्या पाट्या, खाली ब्रशांचे डबे, सगळीकडे टर्पेंटाइनचा वास, आणि या पसाऱ्यात टीव्ही.

मला खोक्यातून काढलं तेव्हा बाबा म्हणाले, "बावीस वर्षांची घोडी झालीस, आणि खेळणी आणतेस?"

"तुम्ही पन्नाशी उलटून रंगपेटी घेऊन बसता ते चालतं?" लेक म्हणाली.

असं ते घर होतं. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं परतवायचं. बाबा तिला ठमे म्हणायचे, आणि मला हँडल. सायकलला असतं तसं. मला आधी राग आला, पुढे सवय झाली, आणि आता ते नाव ऐकायला कान आसुसतात. कान मला नाहीत, पण तुम्ही समजून घ्या.

आमचा पहिला खेळ गोष्टीचा होता. एक नावाडीण असते. पुरात तिचं गाव वाहून गेलेलं असतं आणि माणसं वेगवेगळ्या बेटांवर पांगलेली असतात. ती नाव घेऊन एकेकाला शोधत जाते. वाटेत चाचे, राक्षसी मासे, वादळं. लेक खेळायची आणि बाबा टीव्हीकडे पाठ करून पाट्या रंगवायचे. "मला नाही बुवा असल्या गोष्टीत रस," हे दिवसातून दोनदा.

चौथ्या दिवशी नावाडीण एका बंदरावर उतरली. तिथं खानावळीची पाटी होती. बाबांनी सहज मान वळवली आणि ब्रश तसाच हातात राहिला.

"ती पाटी कुणी रंगवलीय? शेवटचं अक्षर घसरलंय बघ. हे असलं काम मी केलं असतं तर गिऱ्हाइकानं जोड्यानं मारलं असतं."

झालं, पेंटर अडकले. त्या दिवसापासून खेळातली एकेक पाटी वाचल्याशिवाय ते पुढं जाऊ देईनात. मग खेळातल्या माणसांशी काय बोलायचं, कुठलं उत्तर निवडायचं, त्यावरून दोघांत वाद. शेवटी वाटणी ठरली. मारामारी लेकीची, बोलणं बाबांचं. "बोलणं आलं, आण ते हँडल इकडे," की मी या हातातून त्या हातात. तासाला तीस वेळा तरी. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताला टर्पेंटाइन. मी काय सुखात होतो म्हणून सांगू.

गोष्टीच्या खेळाचा एक मोठेपणा आहे, तो मला तेव्हा कळला नव्हता. गोष्ट थांबते. पॉजचं बटण दाबलं की चाच्याची तलवार हवेत राहते, लाट फुटता फुटता राहते. बाबांना चहाची भारी सवय. ऐन लढाईत ते म्हणायचे, "थांबव ग, चहा घेऊ." मग अर्धा तास चहा, गप्पा, खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंची नक्कल. परत येऊन बघावं तर तलवार तिथंच. बंदरावर दिवा घेऊन उभा असलेला एक म्हातारा, तोही तिथंच. तुम्ही महिन्यानं या, तो तुम्हाला तेच वाक्य म्हणणार. तुमच्यावाचून त्याचं पान हलत नाही.

पण गोष्ट संपते, हेही खरं. नावाडिणीला शेवटचा माणूस सापडला तेव्हा दोघंही रडली. बाबा म्हणाले, "डोळ्यात रंग गेला." त्या दिवशी रंगाचा डबा उघडलाच नव्हता. पुन्हा पहिल्यापासून खेळून बघितलं, पण आता पुढचं सगळं ठाऊक होतं. लेक अर्ध्यात कंटाळली.

तोवर तिचं शिक्षण संपलं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. जाताना बाबा थट्टा करत राहिले. "मी लोकांची नावं रंगवतो, तू दात रंगव. दोघं मिळून एखाद्याला पुरता नटवू." ती गाडीत बसून गेली आणि घरी येऊन बाबांनी तिची खोली झाडली. आधीच झाडलेली होती.

ती गेल्यावर बाबा एकटेच नावाडिणीचा खेळ लावायचे. मारामारी जमायची नाही. फक्त त्या बंदरावर जाऊन म्हाताऱ्याशी बोलायचे. त्याचं तेच वाक्य, बाबांचं तेच उत्तर. मला फार वाईट वाटायचं.

फोनवर लेकीच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "बाबा, ऑनलाइन खेळूया. मी इथून, तुम्ही तिथून. रोज भेटू."

"गोष्ट काय आहे त्यात?"

"तशी गोष्ट नसते. हजारो माणसं असतात. खरी, आपापल्या घरी बसलेली. गोष्ट आपली आपण करायची."

"मग नायक कोण?"

"सगळेच."

"सगळेच नवरदेव झाले तर वाजंत्री कोण वाजवणार?"

पण ते तयार झाले. सुट्टीत येऊन तिनं सगळं जोडून दिलं. स्वतःसाठी निळ्या झग्यातली धनुर्धारी मुलगी निवडली. बाबांना पिळदार वीर दाखवले तर म्हणाले, "हे मला शोभेल का?" आणि सगळ्यात शेवटी असलेला वाकलेला, तपकिरी कोटातला म्हातारा निवडला. नाव ठेवलं पेंटर. लेकीनं त्याला खेळातल्या बाजारातून एक टोपी भेट दिली. तिच्यावर एक उभं पिवळं पीस होतं.

पहिले दोन महिने सोन्यासारखे गेले. संध्याकाळी कामावरून आली की ती यायची. निळा झगा आणि तपकिरी कोट जोडीनं जंगलात, डोंगरात. कानाला लावलेल्या फोनवरून गप्पा चालूच. फक्त एक गोष्ट बाबांच्या पचनी पडेना. हे जग थांबत नव्हतं.

एकदा आठ जणांनी मिळून एका राक्षसाला घेरलं होतं. बाबांचं काम एवढंच, की जखमी झालेल्यांना बरं करायचं. ऐन रंगात आली लढाई आणि बाबांना चहाची तलफ आली. सवयीनं त्यांनी पॉज दाबलं, मला टेबलावर ठेवलं आणि आत गेले. मी इथं पडून बघतोय. राक्षस थांबला नाही. एकामागून एक सात जण मेले. टोळीचा म्होरक्या स्वतःला हातोडा म्हणवून घ्यायचा. तो लिहीत होता, "पेंटर हलत का नाही? पेंटर मेला का?" शेवटी लेकीनं लिहिलं, "पेंटर चहाला गेलेत."

बाबा कप घेऊन बाहेर आले तर सगळीकडे मढी. "हे काय झालं?" म्हणाले बिचारे. लेक फोनवर हसून हसून लोळली. पुढे त्या टोळीत म्हणच पडली. कुणी खेळता खेळता जागच्या जागी गप्प झाला की, चहाला गेला.

नव्याचे नऊ दिवस. लेक तरुण, हात चपळ, ती भराभर वरच्या पायऱ्या चढत गेली. ऑनलाइन खेळात पायरी जुळली नाही तर सोबत जाता येत नाही. ती जिथं लढायची तिथं बाबांनी पाऊल टाकलं की पहिल्याच फटक्याला आडवे. हातोड्यानं जुनी टोळी मोडून नवी मोठी टोळी केली. चाळीस जण, ठरलेली वेळ, ठरलेली हजेरी. त्यात म्हाताऱ्या पेंटरला जागा नव्हती. नव्या लोकांना तो ठाऊकही नव्हता. हातोडा तर रोज नवी शंभर माणसं बघणारा, त्यानं कुणाकुणाला लक्षात ठेवावं?

"आज नाही बाबा, आज मोहीम आहे. रविवारी नक्की."

रविवारी दुसरी मोहीम.

"असू दे ग. तुझी माणसं वाट बघत असतील," बाबा म्हणायचे. फोन ठेवला की मला हातात घ्यायचे आणि पुलावर जाऊन उभे राहायचे.

तो पूल मी नीट सांगतो. खेळात नवीन येणारा प्रत्येक जण आधी त्या पुलावर उतरतो, आणि जुन्या माणसांनाही बाजारात किंवा जंगलात जायचं तर तिथूनच जावं लागतं. बाबांचा हिशोब साधा होता. लेक आज ना उद्या इथून जाईलच. तिला कळवायचं मात्र नाही. तिला ओझं नको. आपण उभं राहायचं, दिसली की हात करायचा. पण ती वरच्या पायरीवरची, मोहिमेला थेट वरच्या मुलखात उतरायची, तिला पूल लागतच नव्हता. हे बाबांना कुणी सांगितलं नाही, आणि मी सांगू शकत नव्हतो.

मला घेऊन एकेक अक्षर शोधून लिहायचं म्हणजे फार वेळ लागतो. लोक तोडून-मोडून लिहितात, बाबा पाटी रंगवल्यासारखं अख्खं वाक्य लिहायचे. ते उत्तर पूर्ण करेपर्यंत समोरचा तीन डोंगर ओलांडून गेलेला असायचा. म्हणून त्यांनी दोन वाक्यं कायमची लिहून ठेवली आणि एकेका बटणावर बसवली. पहिलं, "डावीकडे विहीर आहे, उजवीकडे बाजार, अंधारात जंगलात जाऊ नका." आणि दुसरं, "माझी मुलगी दिसली का? निळा झगा, हातात धनुष्य."

आता काय झालं ते ऐका. या खेळात कामं वाटणारी काही बनावट माणसंही असतात, खेळवाल्यांनी घडवलेली. त्यांच्या डोक्यावर पिवळी खूण असते. त्यांच्याशी बोललं की ती काम सांगतात, अमकं आणा, तमकं शोधा. आणि आमच्या बाबांच्या डोक्यावर लांबून दिसायचं ते उभं पिवळं पीस. रोज त्याच जागी उभा म्हातारा, रोज तीच दोन वाक्यं. लोकांना वाटलं, हा खेळातलाच.

आधी गंमत झाली. एक जण म्हणाला, "आजोबा, काम द्या." बाबांना वाटलं, पोरगं गमतीत विचारतंय. त्यांनी लिहिलं, "सात पिवळी फुलं आण." तो खरंच घेऊन आला आणि बक्षिसासाठी समोर उभा राहिला. बाबांजवळ काय असणार? त्यांनी आपल्या झोळीतली भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन नऊ जण. बाबा खूश. "ठमे, माझ्याकडे माणसं येतात ग," त्यांनी फोनवर सांगितलं. "अरे वा," ती म्हणाली. ती तेव्हा काहीतरी खात होती, आणि मागून तिची टोळी तिला हाका मारत होती.

पण दुसऱ्या वाक्याचीही लोकांनी तीच गत केली. मुलगी शोधणं हे त्यांना काम वाटलं. खेळवाल्यांनी लपवलेलं, अवघड काम. लोक गुहा धुंडाळू लागले, विहिरीत उतरू लागले. बाबांना येऊन सांगायचे, "आजोबा, उत्तरेला नाही सापडली." बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना वाटायचं, किती मायेची माणसं आहेत, माझ्या लेकीला शोधतायत. त्यांना काय ठाऊक की समोरच्यांच्या लेखी ते माणूस नव्हतेच.

यापुढचं मला नंतर कळलं, लेकीच्याच तोंडून. एका मोहिमेआधी टोळीत गप्पा चालल्या होत्या. हातोडा म्हणाला, "पुलावरच्या म्हाताऱ्याचं काम कुणाला जमलं का? मुलगी शोधायची. निळा झगा, धनुष्य. तीन महिने झाले, कुणालाच सापडत नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा. निळा झगा त्यांच्यातच बसला होता.

लेकीच्या हातातला कंट्रोलर गार पडला म्हणे. त्या क्षणी बोलायला हवं होतं, की ते माझे बाबा आहेत. पण चाळीस जणांसमोर तिला लाज वाटली. बाप तीन महिने पुलावर उभा राहून आपल्याला शोधतोय हे सांगायची लाज. ती म्हणाली, "नाही रे, मला नाही माहीत." आणि मोहिमेला गेली.

त्या रविवारी मात्र तिनं सगळं बाजूला ठेवलं. न सांगता पुलावर जायचं आणि बाबांना चकित करायचं, असं तिनं ठरवलं.

रविवारची दुपार होती. बाबा नेहमीच्या खुर्चीत होते आणि मी त्यांच्या हातात. एका नव्या मुलाला ते बाजाराची वाट सांगत होते, तेही बटणावरचं वाक्य न वापरता, मुद्दाम एकेक अक्षर शोधून, कारण त्यानं प्रश्न जरा वेगळा विचारला होता. वाक्य अर्ध्यावर आलं आणि त्यांची उजवी मूठ सैल झाली. मला वाटलं, चहा. पण चहाला जाताना ते मला कधी टाकत नसत. मी जमिनीवर आपटलो. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि बाबा माझ्याशेजारी.

त्यांचे डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं. डावा हात फरशीवर काहीतरी चाचपत होता. बहुतेक मलाच. मी वीतभर लांब होतो.

टीव्ही आम्हा दोघांनाही दिसत होता. पुलावर तपकिरी कोटातला म्हातारा ताठ उभा. आणि पुलाच्या त्या टोकाकडून निळा झगा आला.

"बाबा, आले मी," अक्षरं उमटली.

म्हातारा गप्प.

"बाबा? चहाला गेलात?"

ती त्याच्या पायाशी बसली. मी इकडे बाबांकडे बघतोय. त्यांना ते दिसत होतं, वाचता येत होतं, याची मी शपथ घेईन. त्यांच्या घशातून आवाज निघत होता, पण त्याचा शब्द होत नव्हता. आणि मी? माझ्या पोटात दोन मोटरी होत्या. मी थरथरलो असतो, फरशीवर खडखडलो असतो, तर खाली काकूंना ऐकू गेलं असतं. पण खेळात काही घडतच नव्हतं. कुणी घाव घातला नाही, काही कोसळलं नाही. मला हुकूमच आला नाही.

थोड्या वेळानं तिथून हातोडा आणि त्याचे चौघं चालले होते. ते थबकले.

"अरे, निळा झगा! धनुष्य! म्हाताऱ्याची मुलगी सापडली!"

"हिच्या वेषानंच काम पूर्ण होतंय वाटतं!"

बघता बघता पुलावर ही गर्दी. कुणी नाचतंय, कुणी आतषबाजी सोडतंय, कुणी लिहितंय, बक्षीस काय मिळालं? लेकीनं लिहिलं, "गप्प बसा रे." कुणी ऐकलं नाही. मधोमध म्हातारा तसाच उभा, आणि इकडे फरशीवर बाबांच्या चेहऱ्यावर त्या आतषबाजीचा निळा-लाल उजेड पडत होता. इतका असहाय मी आयुष्यात झालो नाही.

"बाबा, रुसलात ना? रुसा. माझंच चुकलं. पण काहीतरी बोला."

मग म्हातारा नाहीसा झाला. ऑनलाइन खेळाचा नियमच आहे. पडद्यावर ओळ आली, "बराच वेळ हालचाल न झाल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे."

तिला वाटलं, बाबा रागानं उठून गेले. संध्याकाळी तिनं एकदा फोन केला. तो आतल्या खोलीत वाजून वाजून थांबला. रुसू देत, सकाळी बोलू, असं ती स्वतःशी म्हणाली. सकाळीही फोन उचलला नाही, तेव्हा तिनं शिलाईवाल्या काकूंना कळवलं. काकू त्यांच्याकडची किल्ली घेऊन वर आल्या.

"अगं बाई! पेंटर! अहो पेंटर, डोळे उघडा हो!"

मग माणसं, पळापळ, स्ट्रेचर. कुणाच्या तरी पायानं मी कपाटाखाली गेलो. डॉक्टर लेकीला म्हणाले होते, "कालच आणलं असतं तर..." आणि पुढचं बोलले नव्हते. हे वाक्य ती बाबांच्या उशाशी बसून कितीदा तरी म्हणते. पूर्ण ती पण करत नाही.

एका महिन्यानं बाबा घरी आले. आता पुढच्या खोलीत पाट्यांच्या जागी त्यांची खाट आहे. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. लेकीनं तिकडची नोकरी सोडली. इथल्याच एका छोट्या लॅबमध्ये अर्धा दिवस जाते, तेवढा वेळ काकू येऊन बसतात.

खाट हलवताना मी सापडलो. तिनं मला पुसलं आणि खेळ उघडला. पेंटरच्या नावानं निरोपांचा ढीग पडला होता. "पुलावरचा म्हातारा कुठे गेला?" "नव्या बदलात काढून टाकला वाटतं." "खेळवाल्यांनो, त्याला परत आणा, चांगला होता." हातोड्याचाही निरोप होता.

मग बाबांसारखंच एकेक अक्षर शोधत तिनं हातोड्याला लिहिलं, "तो खेळातला नव्हता. ते माझे बाबा आहेत. त्या दिवशी ते घरात पडले होते, आणि मी समोर बसून होते."

हातोड्याचं उत्तर आलं.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर एकटाच असतो. संध्याकाळी पुलावर गेलो की तो मला जंगलात जपून जा म्हणायचा. मी एकदाही आभार मानले नाहीत. बनावट माणसाचे कोण मानतं?"

तिनं ते बाबांना वाचून दाखवलं. रडत रडत वाचलं. मला वाटलं होतं, बाबा पडद्याकडे बघतील, त्यांना बरं वाटेल. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते तिच्याकडे बघत होते. तिनं टीव्ही बंद केला आणि मला या फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी इथं आहे. बटणांवर धूळ साचलीय, एक दांडी आखडलीय. माझी तक्रार नाही.

मला कुठल्याही खेळाबद्दल वाकडं बोलायचं नाही. गोष्टीचा खेळ चांगला आणि माणसांचाही चांगला, पण दोन्हींची गल्लत करू नका. नावाडिणीच्या बंदरावरचा म्हातारा गप्प झाला तर तो कुठं जात नाही, तो तुमच्यासाठी जन्मभर थांबेल. खरा माणूस गप्प झाला तर त्याची वाट बघत बसू नका हो. रुसला असेल, चहाला गेला असेल, असं म्हणू नका. उठा, शेजाऱ्याला हाक मारा, दार फोडा. मला उठता आलं नाही. तुम्हाला पाय आहेत.

बाबांचा एकच शब्द शाबूत राहिलाय. डॉक्टर म्हणतात, असं होतं, एखादाच शब्द उरतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. पाणी हवं असलं तरी तोच शब्द, पाठ दुखली तरी तोच. काकू आल्या तरी तोच. सकाळी जाग आली की डावा हात थोडा उचलून ते दाराकडे बघत म्हणतात, "आली?"

लेक शेजारीच बसलेली असते. ती वाटी खाली ठेवते, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवते आणि म्हणते, "आले बाबा. ही काय, आले."

ते क्षणभर तिच्याकडे बघतात. मग पुन्हा दाराकडे.

"आली?"

"आले, बाबा."